गुडघ्यामागची गाठ फोडू नका, गुडघा दाखवा

पत्र

मॅडम, नमस्कार. माझं वय 54 आहे. आमची पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. सहा-सात वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. तेव्हा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी गादी घासली म्हटलं होतं. आता उजव्या गुडघ्याच्या मागं लिंबाएवढी गाठ आली. उभी राहिली की टणक लागते, बसली की नरम पडते. पाय पूर्ण मोडत नाही. उन्हाळ्यात तालुक्याला एका दवाखान्यात सुईनं पाणी काढलं. पिवळसर निघालं, पण दीड महिन्यात गाठ परत आली. जाऊ म्हणते कॅन्सर असेल. गावातल्या एका म्हाताऱ्या बुवानं बिब्बा लावायला सांगितलं, फोड येऊन गाठ जिरते म्हणे. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणते, त्या दिवशी बरं वाटते. बीपीची गोळी दोन वर्षांपासून सुरू आहे. यांचं म्हणणं, कापूस निघाला की पाहू. मले वावरात जावाच लागते, मजूर भेटत नाही. ही गाठ काय आहे, काढून टाकावी का, अन् वेचणीला जाऊ का नको, एवढं सांगा. सकाळी हाताची बोटंही आखडतात, गाईचं दूध काढता येत नाही, पण ते चालते. माझं नाव छापू नका.

— दारव्हा तालुक्यातील एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, आधी कॅन्सरचं. उभं राहिल्यावर टणक, गुडघा वाकवला की नरम आणि सुईने ओढलं तर पिवळसर पाणी, हे सगळं वर्णन गुडघ्यातल्या पाण्याच्या गाठीचं आहे. दवाखान्याच्या कागदावर तिला ‘बेकर्स सिस्ट’ लिहितात. लंडनचे सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये या गाठींचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. ही गाठ कॅन्सर नाही आणि पुढे जाऊन तिचा कॅन्सर होतही नाही. जाऊबाईंना हे वाचून दाखवा. तरीही एकदा सोनोग्राफी करायलाच हवी, कारण गुडघ्याच्या मागे पायाची मुख्य रक्तवाहिनी असते. क्वचित कुणाच्या ती रक्तवाहिनीच फुगलेली असते आणि बाहेरून गाठ वाटते. गाठीवर हलकी बोटं ठेवून नाडीसारखे ठोके लागतात का ते बघा. लागत असतील तर कुणालाही तिथे सुई घालू देऊ नका आणि लगेच मोठ्या दवाखान्यात जा. गाठ दगडासारखी कडक होत गेली, भराभर वाढली किंवा रात्री झोपू देईना, तरीही थांबू नका.

आता गाठ आली कशी ते सांगते, कारण हे समजलं की सुईने काढलेलं पाणी परत का भरलं तेही कळेल. प्रत्येकाच्या गुडघ्यात थोडं वंगण असतं. सांध्याच्या आतलं अस्तर ते तयार करतं. सांधा झिजला, आतली गादी फाटली किंवा अस्तराला सूज आली की हे अस्तर गरजेपेक्षा जास्त पाणी सोडायला लागतं. ते पाणी मागच्या बाजूला, पोटरीच्या आणि मांडीच्या स्नायूंच्या मधे असलेल्या एका पिशवीत शिरतं. गुडघा वाकला की वाट उघडते, सरळ झाला की स्नायूंच्या दाबाने मिटते. तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला फूट व्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर येऊ देतो पण खाली परतू देत नाही, तसंच. गेलेलं पाणी पिशवीत अडकतं, वर आणखी येतं, आणि पिशवी फुगते. तुमचा पाय पूर्ण दुमडत नाही तो याच फुगलेल्या पिशवीमुळे.

आपल्याकडे गुडघा दुखला की ‘ग्रीस संपलं’ म्हणतात आणि मग ग्रीस वाढवायच्या गोळ्या, पावडरी, तेलं यांच्या मागे पैसा जातो. तुमच्या गुडघ्यात पाणी कमी नाही, जास्त आहे. ते का जास्त आहे, हा खरा प्रश्न. लहान मुलांना अशी गाठ आली तर बहुतेक वेळा सांध्यात काही नसतं आणि ती आपोआप जिरते. मोठ्या माणसाला आली तर जवळपास नेहमीच सांध्यात दुखणं असतं. म्हणून नुसतं पाणी काढलं तर पिशवी रिकामी होते, पण सांध्यातलं पाझरणं थांबत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाणी काढलं यात त्यांची चूक झाली असं मी म्हणणार नाही. गाठ फार तणली असेल तर पाणी काढून आराम पडतो. पण पाणी काढणं हा अर्धाच इलाज झाला.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलं आणि ‘पण ते चालते’ म्हणून सोडून दिलं. सकाळी हाताची बोटं आखडतात. ताई, ते चालत नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रात महत्त्वाचं तेच आहे.

गुडघ्यामागे पाण्याची गाठ आणणारे संधिवात मुख्यतः दोन. एक वयाबरोबर होणारी झीज, जी तुमच्या एक्स-रेत दिसली. दुसरा आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. झिजेमध्ये सकाळी सांधा थोडा धरतो, पण पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळा होतो. आमवातात हे आखडणं तासभर आणि त्याहूनही जास्त टिकतं. झिजेत हाताच्या नखाजवळचा सांधा जाड होतो, तिथे हाडाची टेंगळं येतात. आमवातात बोटं जिथे पंजाला जुळतात तो सांधा, मधला सांधा आणि मनगट सुजतं. बहुतेक वेळा दोन्ही हातांना सारखंच. अंगात बारीक कसकस, थकवा, भूक कमी, हेही असू शकतं. हा आजार पुरुषांपेक्षा बायांमध्ये दोन-तीन पटीने जास्त दिसतो.

तेव्हा उद्या सकाळी उठल्यावर घड्याळ बघा. बोटं पूर्ण मिटायला किती वेळ लागतो ते आठवडाभर कागदावर लिहा. पंजाच्या सांध्यांवर सूज आहे का, दाबल्यावर दुखतं का, तेही. अंगठी घट्ट व्हायला लागली का? बांगड्या भरताना पंजा दुखतो का? आणखी एक आठवा. गेल्या वर्ष-दीड वर्षात जोराचा ताप येऊन सांधे धरले होते का? विदर्भात चिकनगुनियाच्या साथी येऊन गेल्या आहेत आणि त्या तापानंतर काही जणांचे सांधे महिनोन् महिने सुजलेले राहतात. डॉक्टरांना हे सांगितलं नाही तर त्यांना कळायला मार्ग नाही.

आमवाताची शंका असेल तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या होतात. एक तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून आजार नाही असं धरायचं नसतं, हात बघून आणि सगळं मिळून ठरतं. मी एवढा वेळ यावर का घालवते आहे? कारण झिजलेली गादी कोणतंही औषध परत आणत नाही, तिथे दुखणं आटोक्यात ठेवणं एवढंच हातात असतं. आमवात मात्र पहिल्या काही महिन्यांत पकडला तर औषधाने थोपवता येतो आणि बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. सहा-सात वर्षं गुडघे दुखत असताना ‘गादी घासली’ हे एकच उत्तर सगळ्याला पुरतं, आणि मग हातांकडे कुणी बघत नाही. दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात.

पुढचं आत्ताच सांगून ठेवते, पण हे फक्त आमवात ठरला तरच. त्यासाठी बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलवटून निघतं, जीवही जाऊ शकतो. तुमच्या गावाचा आठवडी बाजार ज्या वारी असतो तोच वार गोळीचा धरा, म्हणजे विसर पडणार नाही आणि दोनदा घेतली जाणार नाही. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात, आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

आता गाठीच्या इलाजाकडे येते. सोनोग्राफीत साधी पाण्याची गाठ निघाली आणि ती फार दुखत नसेल, तर तिला काहीच करायचं नाही. गुडघ्याचा इलाज करायचा, गाठ हळूहळू लहान होते किंवा आहे तशी राहते, आणि माणूस तिच्यासोबत नीट जगतो. गुडघा खूप सुजलेला असेल तर डॉक्टर सांध्यातलं पाणी काढून आत स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात. ते गुडघ्यात दिलं तरी त्याच वाटेने मागच्या पिशवीपर्यंत पोहोचतं, आणि गाठ उतरते. याचा परिणाम काही आठवडे ते काही महिने राहतो. वर्षात तीन-चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये, आणि साखरेचा आजार असेल तर दिल्यावर काही दिवस साखर वाढते हे लक्षात ठेवायचं. सुई घालण्याचं कोणतंही काम स्वच्छ जागी, शिकलेल्या डॉक्टरांकडूनच व्हायला हवं. सांध्यात एकदा पू झाला तर काही दिवसांत गुडघा कायमचा खराब होतो. इंजेक्शननंतर गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

नुसती गाठ कापून काढायची शस्त्रक्रिया मी तुम्हाला सुचवणार नाही. सांधा तसाच राहिला तर गाठ पुन्हा येते, आणि टाके गुडघ्याच्या मागे नसा-रक्तवाहिन्यांच्या गर्दीत पडतात. गादी फाटलेली असेल तर दुर्बिणीतून तिच्यावर काम होतं, तेव्हा गाठीची वाटही मोकळी करता येते, पण खूप झिजलेल्या गुडघ्यात दुर्बिणीचा फायदा थोडाच. झीज शेवटच्या टप्प्यावर असेल, चार पावलं चालणं कठीण झालं असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर सांधा बदलणं हा चांगला मार्ग आहे आणि त्यानंतर गाठही बहुधा आटते. बदललेला गुडघा बहुतेकांना 15-20 वर्षं साथ देतो. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने 2017 पासून मर्यादा घातली आहे, तेव्हा कुणी इम्प्लांटचे भलतेच पैसे सांगितले तर बिलावर त्याची किंमत वेगळी लिहून मागा. पण 54 व्या वर्षी, अजून वावरात जाणारी बाई त्या टप्प्यावर आहे असं मला पत्रावरून वाटत नाही.

बिब्बा लावू नका. हे मी हात जोडून सांगते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते, फोड येतात, जखम होते. फोड आला म्हणजे आतलं दुखणं बाहेर आलं असं म्हणतात, पण गाठ कातडीच्या कितीतरी आत आहे, तिथपर्यंत बिब्बा पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त कातडीपर्यंत, आणि जळलेल्या कातडीतून जंतू आत जायला मोकळी वाट मिळते. चटके देणं, तुंबडी लावणं, गाठ दाबून फोडणं, हेही नाही. निर्गुडीचा किंवा एरंडाचा पाला कोमट करून बांधला तर मात्र माझी हरकत नाही. शेक बसतो, बरं वाटतं, नुकसान नाही. गुडघा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी शेकाऐवजी थंड पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

मालिशवाल्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. कधीकधी ही गाठ आतल्या आत फुटते. एकदम पोटरीत कळ येते, काहीतरी तुटल्यासारखं वाटतं, पाणी खाली उतरल्यासारखं होतं. पोटरी सुजते, तणते, एक-दोन दिवसांत घोट्याजवळ निळसर डाग पडतो. गाठ फुटणं तसं जीवघेणं नाही, विश्रांतीने काही आठवड्यांत बसतं. अडचण ही की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते आणि अशीच दुखते. डॉक्टरांनासुद्धा नुसतं पाहून दोन्हींत फरक करता येत नाही, त्यासाठी डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी लागते. शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. म्हणून पोटरी अचानक सुजली तर तेल लावून चोळायचं नाही, कुणालाही रगडू द्यायचं नाही, त्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं. सोबत दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर 108 ला फोन लावायचा, सकाळची वाट पाहायची नाही. पाय बधिर, गार किंवा पांढरा पडला तरी तसंच.

पाय सुजला की आपल्याकडे हत्तीपायाचीही शंका घेतात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत. हत्तीपायाची सूज पावलाकडून हळूहळू चढते, महिने-वर्षं घेते. तुमचं ते नाही. तरीही आशाताई वर्षातून एकदा हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आल्या तर त्या घ्या.

आता मेडिकलमधल्या गोळ्या. तुम्हाला बीपी आहे, म्हणून हा भाग मला काळजीचा वाटतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, पोटात जखमा करतात आणि किडनीवर ताण टाकतात. आपल्या उन्हात पाणी कमी पिऊन दिवसभर वावरात राहायचं आणि संध्याकाळी ही गोळी घ्यायची, हे किडनीसाठी फार वाईट. काही बीपीच्या गोळ्यांसोबत तर आणखी वाईट. तुम्ही आणता त्या गोळीचं पान फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. दुखण्यासाठी पहिल्यांदा डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्यावर दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने लावा. गुडघ्यासाठी ते चांगलं काम करतं आणि पोटात फारसं जात नाही. जास्त दुखलं तर पॅरासिटामॉल, पण तीही डॉक्टरांना विचारून, किती आणि किती दिवस ते ठरवून. मेडिकलवाला भाऊ भला असेल, पण तुमचं बीपी आणि किडनी त्याने तपासलेली नाही.

बाजारात, बसस्टँडवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या कधीच घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. एका दिवसात चमत्कार होतो, आणि काही महिन्यांत तोंड गोल सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कुणी बरेच महिने अशा पुड्या घेत असेल तर त्याही एकदम बंद करू नयेत, शरीराला त्याची सवय झालेली असते. डॉक्टरांना खरं सांगून हळूहळू कमी करायच्या.

तुमचं वजन तुम्ही लिहिलं नाही. बारीक असाल तर हा मुद्दा सोडून द्या. पण वजन जास्त असेल तर हे ऐका: 1 किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरतो. दिवसभरात हजारो पावलं पडतात. 70 किलोच्या बाईने 6-7 किलो उतरवले तर दुखण्यात स्पष्ट फरक पडतो. त्यासाठी भाकरी बंद करायची गरज नाही. भाजीवरची तर्री, तळण, दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा, इथून सुरुवात करा.

व्यायामाला तुम्ही म्हणाल, दिवसभर काम करते तोच व्यायाम. नाही ताई. वावरातल्या कामाने गुडघा थकतो, त्याला सांभाळणारा मांडीचा पुढचा स्नायू मात्र त्यातून बळकट होत नाही. सकाळी दिवाणावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून टॉवेल खाली दाबा, मनात 5 आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. मग पाठीवर झोपा, एक पाय गुडघ्यात दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, 5 मोजा, हळू खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. संध्याकाळी पुन्हा. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करणंही चांगलं, ते तूर निवडताना किंवा पोरांशी बोलतानाही होतं. थोडं दुखेल, तेवढं चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर मोजणी निम्मी करा, बंद करू नका. फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात बहुतेक जणी सोडून देतात. गुडघा तापलेला, खूप सुजलेला असेल त्या दिवशी फक्त टॉवेल दाबायचा.

नी-कॅप वापरत असाल तर सैलसर वापरा आणि रात्री काढा. घट्ट नी-कॅप गाठीवर दाबते, खाली पाय सुजतो. काठी घ्यायची तर उजवा गुडघा दुखतो म्हणून डाव्या हातात. उलटी धरली की काठीचा उपयोग निम्मा होतो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

वेचणीला जाऊ का, हा तुमचा खरा प्रश्न. जा, पण आधी दवाखान्यात जाऊन या, आणि काही गोष्टी बदला. वेचणी उभ्याने, वाकून होते. गुडघ्याला त्याहून जास्त मारतं ते निंदण, तासन् तास उकिडवं बसून सरकत जाणं. गुडघा पूर्ण दुमडला की आतला दाब वाढतो आणि पाणी मागे ढकललं जातं. यंदा निंदणाचं काम दुसऱ्यावर सोपवा. करावंच लागलं तर लांब दांड्याचं खुरपं किंवा बुटकं स्टूल घ्या. वेचताना ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नका, तीन-चार किलो झाली की धुऱ्यावर रिकामी करा. तासा-दीड तासाने दहा मिनिटं बसा, पाय लांब करून, मांडी घालून नाही. पाण्याची बाटली सोबत ठेवा. डोक्यावर गाठोडं घेऊन धुऱ्यावरून घरी येणं बंद. ते बैलगाडीत किंवा मोटरसायकलवर येऊ द्या. पातळ रबरी स्लीपरऐवजी जाड, मऊ तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या. पोटरी सुजलेली किंवा गुडघा गरम असेल त्या दिवशी वेचणी नाही.

घरातही तेच. चूल जमिनीवर असेल तर स्वयंपाक ओट्यावर किंवा टेबलावर घ्या. जेवायला खुर्ची किंवा उंच पाट. संडासात बसताना गुडघा सगळ्यात जास्त वाकतो, तिथे मधे भोक असलेली कमोडची खुर्ची ठेवा. ती महाग नसते. पंगतीत खुर्ची मागायला लाजू नका. दूध काढायचं काम बोटांचं निदान होईपर्यंत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.

हा परिच्छेद तुमच्या यजमानांना वाचायला द्या. भाऊ, कापूस निघाला की पाहू हे तुम्ही मनाने वाईट म्हणून म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. मजूर मिळत नाहीत, पाऊस कधी येईल सांगता येत नाही, भिजलेल्या बोंडाला भाव मिळत नाही. पण कापूस पूर्ण निघायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडेल. हातांमध्ये आमवात असेल तर हे चार-पाच महिने फार मोलाचे आहेत, गेलेली बोटं नंतर कोणत्याही पैशाने परत येत नाहीत. सोयीचा एक दिवस काढा. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू करण्याच्या आधी यवतमाळला घेऊन जा, आणि सोबत स्वतः जा, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं दोघांनी ऐकलेलं बरं. गाईचं दूध काढायला आणि पाण्याचे हंडे आणायला महिनाभर तुम्ही किंवा पोरं लागलात, तर ते बाईंच्या गुडघ्यासाठी औषधाएवढंच कामाचं आहे.

कुठे जायचं? यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग आणि मेडिसिन, दोन्ही विभाग आहेत. गुडघ्यासाठी अस्थिरोगाच्या ओपीडीत दाखवा आणि बोटांबद्दल मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे असं स्पष्ट सांगा. वर्ध्याकडे नातेवाईक असतील तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही आहे. तिथलं 1969 मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय खेड्यातल्या माणसांसाठीच उभं राहिलं. सकाळी लवकर पोहोचा, चिठ्ठीची रांग असते. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या आजारासाठी काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. पैसे भरल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

सोबत रेशनकार्ड, आधारकार्ड, जुना एक्स-रे, सुई लावली त्या दवाखान्याचा कागद, बीपीच्या गोळीचं पान, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पानं आणि बोटांच्या आखडण्याचा तो आठवडाभराचा कागद घ्या. साखर कधी तपासली नसेल तर तीही तपासून घ्या, म्हणजे इंजेक्शन द्यायचं ठरलं तर अडायला नको. डॉक्टर घाईत असतील, म्हणून त्या कागदावरच तीन प्रश्न लिहून न्या: ही गाठ पाण्याचीच आहे का, माझ्या हातात आमवात आहे का, आणि बीपी असताना मी दुखण्यासाठी कोणती गोळी घेऊ शकते. रिपोर्ट आले की त्यात काय निघालं ते मला नक्की कळवा. मेथोट्रेक्सेट किंवा दुसरं कोणतं औषध सुरू झालं असेल तर त्याचं नाव आणि घ्यायचा वार त्या पत्रात लिहा.